हंगामाची हवा

प्रस्तावना

स्टिअरिंगमागच्या काचेत कधीतरी एक पिवळं चिन्ह पेटतं. वरून उघडं मडकं, तळाला दाते आणि पोटात उद्गारचिन्ह. आमच्या शेजारच्या मळ्यातल्या एका गृहस्थांनी ते ऑइलचं समजून दोन महिन्यांत दोनदा ऑइल बदलून घेतलं. चिन्ह काही विझेना. शेवटी पोराने गाडीसोबत मिळालेलं पुस्तक उघडलं, तेव्हा कळलं की मडकं म्हणजे टायर आहे. टायर आडवा कापून समोरून पाहिला तर जसा दिसेल तसा. तळाचे दाते म्हणजे जमिनीला टेकणारी नक्षी. एका चाकाची हवा कमी होती, एवढंच गाडी सांगत होती आणि गृहस्थ ऑइलचे डबे आणत होते.

ही पुस्तिका त्या मडक्यापासून सुरू झाली. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्यांसाठी ती लिहिली आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे, दूध संकलनाच्या मागे पहाटे निघणारे, पोरांना पुण्याच्या कॉलेजात सोडून संध्याकाळी परतणारे. ड्रायव्हर ठेवणाऱ्यांना तिचा उपयोग कमी. त्यांनी ती ड्रायव्हरला द्यावी.

या विषयावरचं वाचायला घेतलं की पहिल्या दहा पानांतच बर्फ लागतो. लिहिणारे थंड देशांतले, त्यामुळे त्यांची काळजी ही की हिवाळ्याची चाकं कधी चढवायची आणि उन्हाळ्याची कधी. माझी पुतणी जर्मनीत राहते. तिच्याकडून ही रीत समजून घेतली तेव्हा मला प्रथम ती श्रीमंतांची हौस वाटली. एका गाडीला आठ चाकं! पण त्यात हौस नाही. उन्हाळ्याच्या टायरचं रबर तापमान सात अंशांच्या खाली गेलं की कडक होत जातं आणि रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, आणि बाजूला तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असा शिक्का असतो. तिकडे लोक सांगतात, 'ओ'पासून 'ओ'पर्यंत. म्हणजे ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, अर्थात ईस्टरपर्यंत. रस्ता बर्फाने निसरडा असताना हिवाळी टायर नसतील तर २०१०पासून तिथे दंड आहे. स्वीडनमध्ये रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च, क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांची उरलेली चार चाकं दुकानदार भाडं घेऊन सांभाळतो, आणि त्या कोठाराला जर्मन लोक चक्क टायरचं हॉटेल म्हणतात. पुतणी म्हणाली, काका, माझ्यापेक्षा माझी चाकं जास्त दिवस हॉटेलात राहतात.

आता आठ चाकं म्हटली की आठ सेन्सर आले. तिच्या गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, काडेपेटीपेक्षा लहान डबी बसवलेली आहे. प्रत्येक डबीचा स्वतःचा क्रमांक असतो. चाकांचा संच बदलला की गाडीला नव्या चार क्रमांकांची ओळख करून द्यावी लागते. काही गाड्या थोडं चालवल्यावर ओळख आपोआप करून घेतात, काहींना यंत्र लावून सांगावं लागतं. सांगितलं नाही तर गाडी जुनी चाकं शोधत राहते, जी बिचारी तिकडे हॉटेलात झोपलेली असतात.

हे सगळं शिरूरच्या बाजारपेठेत बसून वाचणाऱ्याला परक्या घरचं वाटणार. आपल्याकडे मोटारीला हंगामी चाकं नसतात. पण हंगामाप्रमाणे चाकाचं काही बदलायचं असतं, ही गोष्ट इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतात. व्हॉल्व्ह वरच्या अंगाला आणायचा, आतली सुई काढायची, नळी लावायची आणि साधारण पाऊण टायर भरायचा. वजन वाढतं, चाक जागेवर फिरत नाही, नांगर खोल जातो. नुसत्या वाहतुकीच्या कामाला तेच पाणी म्हणजे फुकटचं ओझं, म्हणून कित्येक जण ते काढून टाकतात. आंतरमशागतीच्या वेळी मागच्या चाकांच्या डिस्क उलट्या करून दोन चाकांतलं अंतर कमी-जास्त करतात, म्हणजे चाक सरीतून जातं आणि पीक तुडवलं जात नाही. हे काम जॅक लावून, मोठ्या पान्याने, तीन माणसांत अर्ध्या सकाळीत होतं. जर्मनीतल्या कोणत्याही दुकानदाराला ते पाहून आपलेपणा वाटेल.

मोटारीच्या बाबतीत मात्र इथे चाकांचा संच बदलतो तो हंगामासाठी नाही, रुबाबासाठी. गाडी घ्यायची साधी, आणि महिन्याभरात लोखंडी डिस्क काढून अलॉय टाकायचे. माझ्या पुतण्याने हेच केलं. दुकानदाराने चार झळझळीत चाकं चढवली, जुनी चाकं टायरसकट डिकीत ठेवली. चौफुल्यापर्यंत येतो न येतो तोच मडकं पेटलं. सेन्सर जुन्या चाकांत होते. पुढे आठवडाभर गाडी गोठ्याजवळ उभी राहिली की चिन्ह विझायचं, रस्त्यावर आली की पुन्हा पेटायचं. कारण जुनी चाकं गोठ्यातच ठेवली होती आणि त्यांच्यावर वासरू उड्या मारत होतं. हे सेन्सर चाक स्थिर असताना झोपतात, हललं की जागे होऊन रेडिओवरून बोलू लागतात. वासराने जागं केल्यावर ते इमानदारीने कळवत होते की आम्ही इथे आहोत. पुतण्याला वायरिंगचा फॉल्ट वाटला आणि त्याने त्यावर पैसेही घालवले.

रेडिओ ऐकून कुणी बिचकू नये. ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासचा अगदी दुबळा संदेश असतो तो. आत नाण्यासारखा सेल असतो, पाच ते दहा वर्षं टिकतो, आणि तो सीलबंद असल्यामुळे संपला की सबंध डबी बदलावी लागते. पंक्चर काढताना टायर डिस्कपासून सुटा करणारं यंत्र नेमकं व्हॉल्व्हजवळ दाबलं तर डबी मोडते. माझी एक अशीच गेली. दुकानातल्या मुलाने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नव्हतं. म्हणून आता गाडी उभी केल्याबरोबर मी आधी सांगतो, 'आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सोडव.' हे एक वाक्य पाठ केलं तरी या पुस्तिकेची किंमत वसूल झाली.

हवा ओळखण्याचा दुसरा प्रकार स्वस्त आणि म्हणून आपल्याकडे वाढता. त्यात चाकाच्या आत काहीच नसतं. एबीएससाठी प्रत्येक चाकाचे फेरे मोजणारे सेन्सर गाडीत असतातच. २०१९च्या एप्रिलपासून एबीएस सगळ्याच मोटारींना सक्तीचं झालं. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, त्याची त्रिज्या कमी होते, म्हणून तेवढंच अंतर जायला त्याला जरा जास्त फेरे घ्यावे लागतात. गाडी चार चाकांची तुलना करते आणि जे इतरांच्या पुढे पळतंय त्याची तक्रार करते. युक्ती सुंदर आहे. तिची गोम अशी, की साध्या यंत्रणेत चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर कुणीच कुणाच्या पुढे पळत नाही आणि दिवा गप्प राहतो. आपण हवा तपासत नाही ती चारही चाकांची तपासत नाही. आपला आळस समतोल असतो.

आणखी एक गंमत. आपल्या टायरचा निम्मा संसार याच पट्ट्यात उभा आहे. रांजणगावच्या महागणपतीच्या पलीकडे एमआयडीसीत २०१७पासून जीप कंपास बनते, टाटांची नेक्सॉन बनते; तिथेच बेकार्टच्या कारखान्यात रेडियल टायरच्या पोटात घालायची पोलादी दोरी वळली जाते. अगदी बारीक तारा एकत्र पिळून केलेली ती दोरी टायरला आकार देते. ती आणि रबर यांची पकड सुटली की टायर संपला. ती का सुटते, तर उष्णतेने. पुढचं सगळं या एका वाक्याभोवती आहे.

टायरमधल्या हवेचा दिवा मोटारीत कायद्याने आला तो याच सुटण्यामुळे. पहिली मोटार म्हणून १९८६ची पोर्शे ९५९ सांगतात, पण ती हौशी मंडळींची गाडी. कायदा आला अमेरिकेतून. फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवरच्या फायरस्टोन टायरची नक्षीसकट वरची साल वेगात असताना निघून यायची आणि गाडी पलटी व्हायची. अडीचशेहून अधिक माणसं गेली. ऑगस्ट २०००मध्ये कंपनीने ६५ लाख टायर परत मागवले. चूक टायरची की गाडीची यावर दोन जुन्या भागीदारांचं जाहीर भांडण झालं, आणि त्यात एक आकडा सारखा समोर येत राहिला : फोर्डने त्या गाडीसाठी २६ पीएसआय इतकी कमी हवा सुचवली होती. कमी हवा, उन्हाळा, वेग आणि भरलेली गाडी. त्याच वर्षी अमेरिकेत टायरविषयी कायदा झाला आणि सप्टेंबर २००७पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा आला. युरोपात नोव्हेंबर २०१४पासून. आपल्याकडे तो अजून सक्तीचा नाही, पण जुलै २०२०मध्ये केंद्राने नियम बदलला : साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीत ही यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर कंपनीने स्टेपनी नाही दिली तरी चालेल. दिल्लीत बसून हे ठीक वाटलं असेल. न्हावरे ते पारगावच्या रस्त्यावर रात्री साडेअकराला टायरची बाजू फाटली, तर किटमधल्या चिकट द्रवाने काय करायचं? तो फक्त नक्षीतल्या लहान छिद्रांसाठी असतो.

२६ हा आकडा लक्षात ठेवा, कारण तो मला इथे रोज भेटतो.

मे महिन्यात बायपासवरच्या कुठल्याही टायरच्या दुकानात उभे राहा. कॉम्प्रेसर धडधडत असतो, टबात काळं पाणी, एक मुलगा ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधतोय. गाडी थांबते. 'किती टाकू काका?' काका म्हणतात, 'ऊन लई आहे. सव्वीसच ठेव.' आकड्यामागे एकक कुणी लावत नाही, लागतही नाही. मुलगा घड्याळ लावतो, थोडी हवा फुस्स करून सोडतो, दहा रुपये घेतो. काका सोलापूर रस्त्याला लागतात. आत पाच माणसं, मागे लग्नाचा आहेर आणि आंब्याच्या दोन पेट्या.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो, हे आपल्याकडे बापाकडून मुलाकडे आलेलं ज्ञान आहे. ऐकायला ते इतकं सरळ वाटतं की मीही वीस वर्षं पाळलं. हवा तापली की फुगते, फुगली की फुटते. फुग्याचं जे होतं तेच. पण टायर फुगा नाही. ३० अंशांवर भरलेले ३३ पीएसआय ४२ अंशांच्या दुपारी साधारण ३५ होतात. पळून गरम झालेल्या टायरमध्ये आणखी तीन-चार चढतात. बहुतेक मोटारींच्या टायरच्या बाजूला कमाल मर्यादा ४४ किंवा ५१ छापलेली असते आणि फुटण्याचा आकडा त्याच्याही फार पुढे असतो. म्हणजे उन्हामुळे चढलेल्या दाबाने धडधाकट टायर फुटत नाही.

कमी हवेने मात्र फुटतो. हवा कमी असली की टायरची बाजू जमिनीजवळ येताना दबते, वर जाताना सरळ होते. पेपरक्लिप किंवा छत्रीची तार दोन्हीकडे वाकवून तोडताना वाकण्याच्या जागी बोट लावून पाहा, चटका बसतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने मोटारीचं चाक मिनिटाला आठशेहून जास्त फेरे घेतं, आणि प्रत्येक फेऱ्यात बाजू एकदा वाकते. ती उष्णता बाहेरच्या उन्हाची नसते, टायर स्वतःच्या आत ती तयार करतो. खाली ६० अंशांचं डांबर असल्यामुळे ती बाहेरही पडत नाही. मग पोलादी दोरीला धरलेलं रबर सुटतं. काका म्हणणार, बघा, सव्वीस ठेवली तरी फुटला, बत्तीस असती तर काय झालं असतं!

ही समजूत आली कुठून? माझा तर्क असा, की ती ट्रकवाल्यांकडून आणि ट्रॉलीवाल्यांकडून आली. ट्यूबचे, कापडी थरांचे, दोन-दोनदा रिमोल्ड केलेले टायर, क्षमतेच्या दीडपट माल आणि खडीचा रस्ता. तसा टायर कशानेही फुटायचा आणि जे शेवटचं केलं त्यावर आळ यायचा. गळीत हंगामात साखर कारखान्याकडे निघालेली उसाची जोडट्रॉली पाहा. मागच्या ट्रॉलीचे टायर बहुधा कुठल्यातरी ट्रकच्या संसारातून निवृत्त झालेले असतात. त्या जगातले नियम घरच्या मोटारीला लावायचे, म्हणजे बैलाचं औषध पोराला देण्यासारखं आहे.

दिवा इथेच फसतो, आणि ही पुस्तिका लिहावीशी वाटली ती त्यामुळेच. अमेरिकेच्या नियमात दिवा केव्हा पेटावा, तर ठरलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर. ३३ सांगितलेल्या गाडीत २५ पीएसआयच्या अलीकडे-पलीकडे. म्हणजे काकांच्या सव्वीसला दिवा गप्प राहू शकतो. फेरे मोजणाऱ्या यंत्रणेत तर आणखी वाईट. हवा भरल्यावर गाडीला 'हे बरोबर आहे' असं सांगायचं एक बटण असतं, रीसेट. काकांनी चारही चाकांत २६ ठेवून ते दाबलं, की गाडी २६ हाच धर्म मानते. त्यानंतर ती सव्वीसचं रक्षण करते. चूक आपण केली आणि पहाऱ्याला यंत्र बसवलं.

दिव्याची निंदा करायला मी बसलेलो नाही. त्याने मला एकदा नक्की वाचवलंय. डिसेंबरात पहिल्या पाळीच्या वेळी, पावणेसहाला, मडकं पेटायचं आणि शिक्रापूर येईपर्यंत विझायचं. चार दिवस मी म्हणत राहिलो, सेन्सर खराब. पाचव्या दिवशी हात फिरवला तर मागच्या डाव्या टायरात वेड्या बाभळीचा काटा, आतच मोडलेला. ट्यूबलेस टायर काट्याला धरून ठेवतो, हवा दिवसाला एखाद-दुसरा पीएसआय सोडतो. त्यात पहाटेची थंडी. पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय उतरतो, म्हणजे दुपारच्या तिशीत भरलेले ३३ पहाटेच्या दहा अंशांत ३०च राहतात. काट्याने आणि थंडीने मिळून टायर दिव्याच्या रेषेखाली जायचा, पळून गरम झाला की रेषेच्या वर यायचा. पहाटे पेटून उन्हात विझणारा दिवा खराब नसतो. आपल्या पट्ट्यात तो बहुतेक वेळा काटा असतो. ओढ्याकाठच्या, चारीच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

नायट्रोजनवर एक छोटं प्रकरण आहे, पेट्रोल पंपावरचे मित्र नाराज होतील तरी. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्यासाठी पैसे द्यायचे की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. पण 'नायट्रोजन आहे, आता बघायला नको' ही निश्चिंती महाग पडते. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि पहिल्याच उन्हाळ्यात टायर फुटून इतके अपघात झाले की आरटीओची माणसं प्रवेशद्वारावर टायर तपासू लागली, गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवू लागली. तिथे टायरमध्ये कोणता वायू आहे यापेक्षा किती आहे आणि रबर किती जुनं आहे हे महत्त्वाचं होतं. टायरचं वय बाजूला चार आकड्यांत लिहिलेलं असतं. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. ते कसं शोधायचं याचं चित्र दिलं आहे. मोटारीच्या टायरला १.६ मिलिमीटर नक्षी उरली की तो कायद्याने संपला, तेही कसं मोजायचं ते आहे.

व्हॉल्व्हवर बाहेरून बसवायच्या टोपणवजा सेन्सरबद्दल आणि डॅशबोर्डवरच्या सोलर पडद्याबद्दल लोक फार विचारतात. ते काम करतात. आकड्यासकट प्रत्येक चाकाची हवा दाखवतात, आणि माझ्या मते काकांना सुधारण्याचा तोच स्वस्त उपाय आहे, कारण आकडा समोर दिसला की माणूस त्यावर विचार करू लागतो. पण टोपणं आठवडी बाजारच्या दिवशी स्टँडजवळ गाडी लावली की चोरीला जातात. सोबत एक चपटा पाना आणि आतून कसायचा नट येतो, तो न लावता फेकून देऊ नये.

खरा आकडा मात्र गाडीवरच लिहिलेला असतो. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर आहे. दोन ओळी : कमी माणसं असताना किती, भरलेली गाडी असताना किती. तो आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असतानाचा. घरून पन्नास किलोमीटर येऊन दौंडच्या पंपावर मोजली तर तीन-चार जास्त दिसणारच. ती सोडायची नाही. मागच्या उन्हाळ्यात मी एका दुकानात मुलाला दार उघडून हे स्टिकर दाखवलं. त्याने वाकून नीट वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, 'काका, हे कंपनीचं. कंपनीला इथलं ऊन काय माहीत?' कंपनी तिथून वीस किलोमीटरवर, रांजणगावात होती.

पुस्तिकेच्या शेवटी काही कोरी पानं सोडली आहेत. दर पंधरा दिवसांनी, पहाटे, गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या गेजने पाच आकडे लिहायचे. गेज दोन-तीनशे रुपयांत मिळतं. लिहायला सांगणाऱ्याने आधी स्वतः लिहावं म्हणून हस्तलिखित छापायला देण्याच्या दिवशी मी कंदील नाही, मोबाइलचा उजेड घेऊन अंगणात बसलो. पुढचा डावा ३२, पुढचा उजवा ३३, मागचे दोन्ही ३१. मग डिकीतलं सामान बाहेर काढलं, सतरंजी उचलली, स्टेपनीला गेज लावलं. ११.